फँटसीतला लांडगा नेमका कुणाचा?

फँटसी कथांच्या जगात थोडं फिरलं की लांडगा भेटतोच. एका घराण्याच्या निशाणावर त्याचं डोकं असतं, शेजारच्या राज्यात त्याच्या नावाने मुलांना दटावतात, तिसरीकडे टाकून दिलेलं तान्हं पोर लांडगिणीच्या दुधावर वाढतं. कुठे पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो, तर कुठे जगाच्या शेवटच्या दिवशी एक अवाढव्य लांडगा सूर्य गिळायला धावतो. जनावर एकच आहे. मग ते कधी रक्षक, कधी पूर्वज आणि कधी साक्षात काळ कसं होतं?

माझं म्हणणं असं की बघणारा काय करून पोट भरतो, यावर लांडग्याचा अर्थ सगळ्यात जास्त ठरतो. मेंढ्या राखणाऱ्याला लांडगा वेगळा दिसतो, शेत कसणाऱ्याला वेगळा, आणि लढाई-लुटीवर जगणाऱ्याला आणखी वेगळा. ज्या कल्पित जगात हे भान आहे, तिथल्या निशाणावरचा लांडगा जिवंत वाटतो. जिथे नाही, तिथे तो नुसता दात दाखवणारा शिक्का होऊन बसतो.

आधी खरं जनावर पाहू, कारण सगळ्या प्रतीकांचा कच्चा माल तिथूनच आलाय. लांडगा टोळीने राहतो आणि त्याची टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि एक-दोन वर्षांतली त्यांची पिल्लं. मोठी भावंडं धाकट्यांसाठी खाणं आणतात, पोटात भरून आणलेलं मांस त्यांच्यापुढे ओकून देतात. सावजाचा पिच्छा ते चिकाटीने पुरवतात, त्याचा दम जोखतात आणि कच्चा दिसेल त्याला धरतात. त्यांचं ओरडणं कित्येक किलोमीटर ऐकू जातं. अंधारात उजेड पडला की त्यांचे डोळे चमकतात. मेलेलं जनावरही त्यांना चालतं, त्यामुळे रणांगणावर प्रेतं पडली की कावळ्यांबरोबर तेही पोहोचत. जुन्या इंग्रजी आणि नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन) काव्यात लढाईच्या वर्णनात लांडगा, डोमकावळा आणि गरुड हे त्रिकूट पुन्हा पुन्हा येतं ते याचमुळे.

आणखी एक गोष्ट. मेंढ्यांच्या बंद वाड्यात शिरलेला लांडगा कधीकधी खाण्यापुरती एक मेंढी मारून थांबत नाही. रानातलं सावज पळून जातं, वाड्यातल्या मेंढ्यांना पळायला जागाच नसते, आणि समोर धडपडणारं काही दिसत राहिलं की त्याची मारण्याची क्रिया चालूच राहते. सकाळी मेंढपाळ बघतो तो दहा-वीस मेंढ्या मरून पडलेल्या आणि खाल्लेली जेमतेम एखादी. लांडगा ‘खुनशी’ आहे, त्याला मारण्यातच मजा येते, ही समजूत अशा सकाळींमधून आली. तो मेंढपाळ खोटं बोलत नव्हता, पण त्याला दिसला तो वाड्यातला लांडगा, रानातला नव्हे.

इथेच फँटसीतली सगळ्यात घट्ट रुतलेली चूक सांगून टाकतो. ‘अल्फा’ लांडगा, म्हणजे मारामारी करून टोळीचा राजा झालेला नर. ही कल्पना पसरली ती पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून. स्विस अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या वागणुकीवर लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका आवारात कोंडले की हाणामारी होणारच. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकातून ही मांडणी सर्वदूर गेली. पण त्याच मेक यांनी उत्तर कॅनडातल्या एल्झमियर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा अनेक उन्हाळे अभ्यास केला आणि १९९९ साली स्पष्ट लिहिलं, की रानातल्या टोळीचे म्होरके म्हणजे साधे आईबाप असतात. ‘एकटा लांडगा’ हीही अशीच गैरसमजातली मूर्ती. एकटा फिरणारा लांडगा बहुतेकदा घर सोडून निघालेला तरुण असतो. जोडीदार आणि स्वतःची हद्द मिळाली की त्याचं एकटेपण संपतं. मला ही खरी गोष्ट त्या रुबाबदार एकलकोंड्या नायकापेक्षा कितीतरी जास्त कथेच्या कामाची वाटते.

आता माणसाकडे वळू. पोटापाण्यावरून लांडग्याचा अर्थ ठरतो हे इतिहासात स्वच्छ दिसतं ते जपानमध्ये.

जपानच्या डोंगराळ भागातला शेतकरी मेंढ्या पाळत नव्हता. तो पिकं घेत होता आणि त्याचे शत्रू होते हरणं आणि रानडुकरं. एका रात्रीत उभं पीक फस्त करणारी ही जनावरं लांडगा खायचा. साहजिकच लांडगा शेताचा राखणदार झाला, डोंगरदेवाचा दूत झाला. चिचिबूच्या डोंगरातल्या मित्सुमिने देवस्थानात आजही राखणीला लांडग्यांच्या मूर्ती आहेत. तिथून लांडग्याचं चित्र छापलेले ताईत-कागद लोक घरी नेत. आग, चोर आणि पिकाची नासधूस यांपासून ते राखण करतात असा विश्वास होता. लांडगीण व्यायली की तिच्या गुहेपाशी लाल भात ठेवायची रीतही काही गावांत होती, जशी घरात बाळ जन्मल्यावर आनंदाने करावी तशी.

मग दोन गोष्टी घडल्या. १७३२ च्या सुमारास जपानमध्ये रेबीज पसरला आणि पिसाळलेले लांडगे माणसांवर धावून जाऊ लागले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या सरकारने होक्काइदो बेटावर अमेरिकन धर्तीची घोडे-गुरांची कुरणं काढली. होक्काइदोच्या मूळच्या ऐनू लोकांसाठी लांडगा हा ‘कामुय’, म्हणजे दैवी शक्तींपैकी एक होता. कुरणवाल्यांसाठी मात्र तो शिंगरं फाडणारा चोर होता. सल्लागार म्हणून बोलावलेल्या एडविन डन या अमेरिकन माणसाच्या देखरेखीखाली मांसात स्ट्रिक्नीन हे विष घालून ठेवण्यात आलं, वर सरकारी बक्षिसंही लागली. १८८९ च्या आसपास होक्काइदोचा लांडगा संपला. मुख्य बेटावरच्या लांडग्याची शेवटची खात्रीची नोंद नारा भागातली, १९०५ सालची. शतकानुशतकं देवाचा दूत असलेलं जनावर धंदा बदलताच काही दशकांत उपद्रवी ठरून नामशेष झालं. कुठल्याही कल्पित जगाच्या इतिहासात बसवावी इतकी ही गोष्ट भरीव आणि दुःखद आहे.

हाच पेच ऋग्वेदातल्या दोन सूक्तांमध्येही आहे. पहिल्या मंडलात, ११६ आणि ११७ या सूक्तांत, ऋज्राश्वाची कथा येते. त्याने एका वृकीला, म्हणजे लांडगिणीला, शंभर मेंढे कापून घातले. बाप संतापला आणि त्याने पोराला आंधळं केलं. पुढे ती लांडगीणच त्याच्यासाठी अश्विनीकुमारांना हाक घालते आणि ते त्याला दृष्टी परत देतात. कळप राखणाऱ्या बापाच्या नजरेत हा गुन्हा आहे, शिक्षाही डोळ्यांनाच मिळते. लांडगिणीच्या बाजूने मात्र ते औदार्य आहे आणि ती त्याची परतफेड करते. कोण बरोबर, हे ऋचा सांगत बसत नाहीत.

गवताळ मैदानांवर मात्र माझा नियम थोडा वाकतो. तुर्क आणि मंगोल लोक पशुपालक. त्यांच्या हिशेबाने लांडगा वैरीच ठरायला हवा, आणि ते त्याची शिकारही करत. तरीही तो त्यांचा मूळपुरुष आहे. सहाव्या शतकात सत्ता उभी करणाऱ्या तुर्कांच्या आशिना घराण्याची उत्पत्तिकथा चिनी बखरींमध्ये आहे: शत्रूंनी सगळी जमात कापून काढली, एक लहान मुलगा पाय तोडून दलदलीत टाकला, लांडगिणीने त्याला मांस भरवून जगवलं आणि पुढे त्याच्यापासून तिला दहा मुलगे झाले. त्या घराण्याच्या निशाणावर सोनेरी लांडग्याचं मुंडकं असे. तेराव्या शतकातल्या मंगोल बखरीची सुरुवातही राखाडी-निळ्या लांडग्यापासून आणि त्याच्या हरिणी पत्नीपासून होते. याचं कारण असं की हे लोक दिवसा मेंढ्या हाकत आणि मोहिमेवर निघाले की स्वतः लांडग्यासारखे वागत: टोळीने घेरायचं, शत्रूला दमवायचं, पळाल्यासारखं करून उलटायचं. एकाच माणसाचे दोन धंदे, म्हणून एकाच लांडग्याचे दोन अर्थ. रोमचं तसंच. रोमच्या उत्पत्तिकथेतल्या रोम्युलस आणि रेमस या जुळ्या भावांना दूध पाजणारी लांडगीण ही युद्धदेव मार्सचं जनावर होती, आणि आपण लढवय्यांचे वंशज आहोत हे सांगण्यासाठी त्या शहराला तीच आई हवी होती.

प्रतीक म्हणून लांडगा वापरणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे बघायचं असेल तर डेशियन लोकांचं निशाण पाहावं. डेशिया म्हणजे आजचा रोमेनियाचा भाग. त्यांच्या काठीवर लांडग्याचं धातूचं पोकळ डोकं असे, जबडा उघडा आणि मागे कापडी नळीसारखं लांब शेपूट. घोडेस्वार दौडू लागला की वारा तोंडातून आत शिरे, शेपूट फुगून वळवळे आणि त्यातून आवाज निघे. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर, जो इसवी सन ११३ मध्ये पुरा झाला, ही निशाणं कोरलेली आहेत. पुढे रोमन घोडदळानेही तशी निशाणं उचलली. ‘आमच्या घराण्याचं चिन्ह लांडगा’ एवढं लिहून थांबणाऱ्या लेखकांनी हे निशाण एकदा नीट बघावं. ते ऐकू येतं, वाऱ्यावर चालतं आणि वारा पडला की लोंबतं. प्रतीकाला असं शरीर मिळालं की वाचकाला ते समजावून सांगावं लागत नाही.

फँटसीतल्या लांडग्याची दुसरी मोठी मुळी कायद्यात आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गुन्हेगाराला कायद्याबाहेर टाकलं की त्याच्या धडावर ‘लांडग्याचं डोकं’ आहे असं म्हणत, म्हणजे कुणीही त्याला लांडग्यासारखं मारावं, खुनाचा आरोप लागणार नाही. ग्रीकांचा लायकेऑन हा आर्केडियाचा राजा. पाहुणा म्हणून आलेल्या देवराज झ्यूसला त्याने माणसाचं मांस वाढलं आणि त्याचा लांडगा झाला. पाहुणचाराचा नियम मोडणारा माणसांत राहायला नालायक, हा त्याचा अर्थ. माणसाचा लांडगा होणं हे या जुन्या कथेत हद्दपारीचंच रूप आहे. माणसाचा लांडगा होण्याच्या फँटसीतल्या कथा जिथे मनाला भिडतात, तिथे भीती दातांची नसते. आपल्याच गावाने आपल्यावर दार लावून घेतल्याची ती भीती असते. पौर्णिमा आणि चांदीची गोळी या गोष्टी आज कितीही अटळ वाटल्या तरी त्यांचं पक्कं बस्तान मुख्यतः विसाव्या शतकातल्या सिनेमाने बसवलं. कल्पित जग रचणाऱ्यावर त्यांचं काही बंधन नाही.

आणि आता फेनरिर. उत्तर युरोपच्या पुराणकथांतला हा लांडगा आजच्या बहुतेक राक्षसी लांडग्यांचा आजा आहे. लोकी या कपटी देवाचा हा मुलगा. देवांनी त्याला लहानपणापासून स्वतःजवळ वाढवला, पण त्याला खायला घालायची छाती त्यांच्यातल्या एकट्या टीर या देवाला होती. तो रोज वाढत गेला. हा आपला घात करणार अशी भविष्यवाणी होती, म्हणून देवांनी त्याला बांधायचं ठरवलं. दोन जाड साखळ्या त्याने तोडल्या. मग बुटक्या कारागिरांकडून रेशमासारखी मऊ फीत करून घेतली. त्यात सहा गोष्टी होत्या: मांजरीच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. फेनरिरला संशय आला. एवढी नाजूक फीत तोडून कसली कीर्ती, आणि तुटली नाही तर? मला सोडवाल याची हमी म्हणून तुमच्यापैकी एकाने माझ्या जबड्यात हात ठेवा, असं तो म्हणाला. टीरने उजवा हात ठेवला. फीत तुटली नाही, देव हसले, आणि टीरचा हात गेला.

ही कथा मी कितीदाही वाचायला तयार आहे, कारण यात शब्द मोडतात ते देव. लांडगा फक्त हमी मागतो, आणि ठरल्याप्रमाणे ती वसूल करतो. शेवटच्या युद्धात तो सुटतो आणि देवांचा राजा ओडिन याला गिळतो, पण तो शत्रू कुणी घडवला हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. त्याच ओडिनच्या पायाशी गेरी आणि फ्रेकी नावाचे दोन लांडगे बसतात आणि तो आपल्या ताटातलं सगळं त्यांनाच घालतो. युद्धदेवाला लांडगे लागतात आणि लांडगाच त्याला खातो. एवढी गुंतागुंत एका जनावरात मावते, तेव्हा ‘लांडगा म्हणजे निष्ठा’ अशी एकओळी व्याख्या करून कल्पित जग उभं करणं म्हणजे हातातलं सोनं टाकून देणं आहे.

निशाणांवर आवडीने मिरवणाऱ्या डायर वुल्फबद्दल थोडक्यात: तो खराखुरा प्राणी होता. अमेरिका खंडांत राहायचा आणि शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीला संपला. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेया डांबरकुंडांत त्याच्या चार हजारांहून जास्त प्राण्यांचे अवशेष सापडलेत. आकाराने तो घोड्याएवढा नव्हता, आजच्या मोठ्यात मोठ्या लांडग्याएवढा, फार तर थोडा थोराड. २०२१ सालच्या जनुकीय अभ्यासाने तर तो आपल्या करड्या लांडग्याचा जवळचा नातलगही नसल्याचं दाखवलं. दोघांच्या वाटा सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या होत्या.

हे सगळं एका कल्पित खोऱ्यात उतरवून बघू. वर डोंगरउतारावर मेंढपाळ, खाली नदीकाठी शेतकरी, पलीकडच्या माळावर घोड्यांवरून लूट करणारी जमात. लांडग्यांची टोळी तिघांच्या हद्दीतून फिरते. मेंढपाळांच्या वस्तीत दिवेलागणीनंतर लांडग्याचं नाव घेत नाहीत, ‘तो’ किंवा ‘करडा’ म्हणतात. खरंच, उत्तर युरोपातले गुराखीही नाव टाळून त्याला ‘करड्या पायांचा’ म्हणत. नदीकाठच्या शेतकरणी पेरणीआधी त्याच्या वाटेवर भाताचा घास ठेवतात. माळावरचे पोरगे मिसरूड फुटल्यावर लांडग्याचं कातडं पांघरून एक हिवाळा वस्तीबाहेर काढतात. जो परत येतो तो पुरुष.

आता नदीकाठची एक मुलगी डोंगरावरच्या घरात सून म्हणून येते. येताना आईने दिलेला लांडग्याच्या दाताचा ताईत तिच्या पदराला बांधलेला. रात्री ती तो दाराच्या चौकटीला अडकवते, नव्या घरावर माया म्हणून. सकाळी सासू तो बघते. गेल्याच पावसाळ्यात तिची अर्धी मेंढरं गेलेली. ती तो दात चिमट्यात धरून चुलीत टाकते आणि सुनेला वाटतं, हिने माझ्या देवाला जाळलं. दोघींपैकी एकीचंही चुकलेलं नाही. या प्रसंगाला ना जादू लागते ना युद्ध, आणि तरीही त्या जगाचा धर्म, अर्थकारण आणि इतिहास एका दातात दिसतो.

प्रतीकाला वय असतं हेही अशा जगात दाखवता येतं. माळावरची जमात तीन पिढ्यांनी नदीकाठ जिंकून तिथेच स्थायिक झाली, तर तिच्या राजवाड्यावर लांडगा राहील, पण राजाच्या पोराने जिवंत लांडगा कधी बघितला नसेल. तोवर राजाचेच कुरणवाले लांडग्याच्या मुंडक्यामागे बक्षीस देत असतील. निशाणावर पूजा आणि वेशीवर विष, दोन्ही एकाच राज्यात. होक्काइदो बघितल्यावर यात काही अशक्य वाटत नाही.

एवढं रचूनही बहुतेक फँटसीत एक प्राणी विसरला जातो, तो म्हणजे कुत्रा. लांडग्यापासूनच तो माणसाळला, निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी. जिथे मेंढपाळ आहे तिथे राखणीचा कुत्रा आहेच, आणि लांडग्याने नरडं धरू नये म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टाही. प्राचीन इराणच्या झरथुष्ट्री धर्मनियमांत कुत्रा इतका पवित्र आहे की त्याला इजा करणाऱ्याला, वाईट अन्न घालणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे. लांडगा मात्र दुष्ट शक्तीच्या बाजूला. मग दोघांच्या संकरातून झालेल्या पिल्लाचं काय करायचं? हा प्रश्न त्या नियमांनाही पडलाय आणि कुत्र्यापासून लांडगिणीला झालेलं पिल्लू जास्त घातक की लांडग्यापासून कुत्रीला झालेलं, याचीही तिथे चर्चा आहे. आपल्या खोऱ्यात असं एक पिल्लू मेंढपाळाच्या वाड्यात जन्मलं, तर सासूला आणि सुनेला त्याच सकाळी ठरवावं लागेल, त्याला दूध पाजायचं की नाही.